जुन्या लुगड्याची बाहुली आणि पाळण्यावरचं चिमणाळं

कापडी बाहुली शिकायला बसलेली प्रत्येकजण आधी विचारते, “तोंड कसं काढायचं?” मी म्हणते, तोंडाचं नंतर बघू, आधी मानेचं बघू. डोळे आवडले नाहीत तर उसवून पुन्हा काढता येतात. मान लुळी पडली तर ती बाहुली जन्मभर मान टाकून बसते, मग तिला कितीही सुंदर नथ घाला. बाहुली उभी राहते ती भरण्यावर. शिवण, भरतकाम, दागिने हे सगळं त्याच्या मागून येतं. म्हणून खाली भरण्याबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, ती वाचाच.

मी कोल्हापुरात राहते. मला स्वतःला नऊवारीतली, खणाची चोळी घातलेली बाहुली करायला सर्वांत आवडतं. पूर्वी घराघरांत भातुकलीसोबत एखादी लाकडी ठकी असायची आणि तिच्या जोडीला आजीने चिंध्या गुंडाळून केलेली बाहुली. बाहुला-बाहुलीची लग्नं याच बाहुल्यांवर लागायची. हल्ली गौरीच्या आराशीत मांडायला, संक्रांतीला वाण म्हणून लुटायला, बाळंतविड्यात द्यायला अशा बाहुल्यांना पुन्हा मागणी येते आहे. पण विकण्यासाठी म्हणून सुरुवात करू नका. पहिली बाहुली आपल्या घरासाठी, आपल्या घरातल्या कापडाची करा.

कापड

अंगासाठी मांजरपाट घ्यायचा. इचलकरंजी आम्हाला जवळ, त्यामुळे सुती कापडाची ददात नाही, पण मांजरपाट कुठल्याही गावात मिळतो. कापड उजेडाकडे धरून वीण बघा. भोकं दिसत असतील तर भरलेला कापूस पुढे बाहेर डोकावणार. विण घट्ट पाहिजे, पण कापड ताडपत्रीसारखं जाड नको, नाहीतर बोटं उलटवताना जीव जातो. अर्ध्या मीटरमध्ये पुढे दिलेल्या मापाच्या दोन बाहुल्या आरामात निघतात.

नव्या मांजरपाटाला खळ असते. गरम पाण्यात साबण टाकून तासभर भिजवा, चोळून धुवा, वाळवा. खळही जाते आणि कापड आटायचं तेवढं आधीच आटून घेतं.

आता रंग. दुकानात ‘स्किन कलर’ म्हणून जे गुलाबट कापड देतात, ते मी घेत नाही. आपल्या घरातली माणसं त्या रंगाची नसतात. गव्हाळ, सावळा, निमगोरा, हे सगळे रंग चहाच्या पाण्यात मिळतात. एक लिटर पाण्यात चार-पाच चमचे चहा पावडर घालून दहा मिनिटं उकळा आणि दोनदा गाळा, दुसऱ्यांदा फडक्यातून. पावडरीचा एक कण राहिला तरी बाहुलीच्या गालावर डाग उमटतो. धुतलेलं कापड ओलं असतानाच त्या पाण्यात सोडा, कोरडं सोडलं तर पट्टे उठतात. मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि मधूनमधून हलवत राहा. ओलं असताना रंग जेवढा गडद दिसतो तेवढा वाळल्यावर राहत नाही, म्हणून हवा त्याहून थोडा गडद झाल्यावरच काढा. सावळी बाहुली हवी तर चहा वाढवा आणि कापड रात्रभर त्याच पाण्यात राहू द्या.

साडीसाठी घरातलं जुनं सुती लुगडं किंवा पातळ शोधा. धुऊन धुऊन मऊ पडलेलं कापड बाहुलीच्या अंगावर जसं बसतं तसं नवं कधीच बसत नाही. विरलेला मधला भाग सोडा आणि काठाजवळचा घ्या. बाहुलीला काठ अर्धा इंचाहून रुंद चालत नाही. इरकलीचा मूळ काठ तिच्या गुडघ्यापर्यंत येईल. म्हणून बारीक काठाची साडी निवडा, नाहीतर साध्या अंगाच्या कापडाला बारीक जरीची लेस लावून घ्या.

चोळीसाठी खण. हा मूळचा बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा, आमच्याकडच्या बायकांच्या चोळीला पिढ्यान् पिढ्या लागलेला. शिवणकाम करणाऱ्या बाईकडे गेलात तर ब्लाउजचे उरलेले तुकडे मिळतात आणि बाहुलीला तेवढे पुरतात. खणाचे धागे कापल्याबरोबर सुटायला लागतात. त्यामुळे कापण्याआधीच मागून पातळ पेस्टिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, चिकटवून घ्या.

आराखडा

पाठकोऱ्या कागदाला उभी घडी घाला आणि घडीला लागून अर्धीच बाहुली काढा, म्हणजे कात्री लावल्यावर दोन्ही बाजू सारख्या येतात. पूर्ण उघडल्यावरची मापं अशी येऊ द्या: डोकं ३ इंच उंच, ३ इंच रुंद. मान अर्धा इंच उंच, सव्वा इंच रुंद. खांदे साडेतीन इंच, कंबर अडीच, खाली नितंबाशी पुन्हा साडेतीन. मानेपासून खालपर्यंत धड ४ इंच. डोकं, मान आणि धड हा एकच तुकडा. हात वेगळे, साडेचार इंच लांब आणि सव्वा इंच रुंद, पुढे अंगठा सुटा आणि बाकी चार बोटं एकत्र. पाय ६ इंच लांब, वर पावणेदोन इंच, घोट्याशी सव्वा, पुढे पाऊल वळवलेलं.

कागदावर ही बाहुली तुम्हाला जाडजूड दिसेल, मान तर पैलवानाची वाटेल. कमी करू नका. सपाट कापडाची नळी भरून गोल झाली की तिची रुंदी जवळजवळ एक तृतीयांशाने घटते. सव्वा इंचाची मान भरल्यावर पाऊण इंचाच्या आसपास राहते. कागदावर ‘छान नाजूक’ दिसणारी मान भरल्यावर काडी होते. माना पडतात त्यातल्या बऱ्याचशा इथेच, कागदावर पडलेल्या असतात.

कापडाची दुहेरी घडी घाला, सुलट बाजू आत. आराखडा असा ठेवा की कापडाचा उभा धागा बाहुलीच्या डोक्याकडून पायाकडे जाईल. उरेब, म्हणजे तिरकी, कापलेली बाहुली भरताना एका कुशीवर वळते. पेन्सिलने कडेकडेने आखून घ्या. आणि मग कापू नका. आधी आखलेल्या रेषेवर शिवा, नंतर कापा. एवढे छोटे तुकडे आधी कापून शिवायला गेलं की सरकतात, हातांचा अंगठा तर मशीनखाली गायबच होतो. मशीनवर टाका बारीक ठेवा. हाताने शिवत असाल तर उलटी टीप घाला, इंचात दहा-बारा टाके. मानेच्या दोन्ही बाजूंना टीप दोनदा मारा. धडाची खालची बाजू आणि हातापायांची वरची टोकं उघडी सोडा, भरण तिथूनच जाणार आहे.

कापताना शिवणीबाहेर पाव इंच माया, म्हणजे जादा कापड, ठेवा. मानेच्या वळणावर आणि अंगठ्याच्या बेचक्यात माया आणखी कमी करून टाक्याच्या अगदी जवळपर्यंत कात्रीने काप द्या, पण टाका तुटू देऊ नका. हे काप दिले नाहीत तर उलटवल्यावर मानेला सुरकुत्या पडतात. उलटवायला विणायच्या सुईचं बोथट टोक वापरा.

भरणं

माझी भाची सुट्टीत येते तेव्हा माझ्याशेजारी बसून बाहुल्या करते. मागच्या खेपेला तिने धड भरून माझ्यापुढे धरलं. “मावशी, झाली की गं.” मी ते हातात घेऊन अंगठ्याने छातीवर दाबलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला. “अजून एवढंच्या एवढं जाईल यात,” म्हटलं, आणि पुन्हा तेवढाच कापूस तिच्यापुढे ठेवला. तिला खरं वाटेना. सगळा गेला.

कसोटी हीच. दाबल्यावर खड्डा राहता कामा नये, लगेच भरून आला पाहिजे. बाहुली मऊ असावी असं आपल्याला वाटतं, म्हणून हात आखडता घेतो. पण आज मऊ वाटणारी बाहुली महिन्याभरात आतून बसते आणि कापड ढिलं पडतं.

काय भरायचं? नुसत्या शोभेच्या बाहुलीसाठी मला पिंजलेला कापूस आवडतो. वजनदार असतो, बाहुली ठेवली तिथे स्थिर राहते. सरकीचे तुकडे आणि कचरा निवडून टाका, पुढे त्यावरून कापडावर डाग येतात. मूल खेळणार असेल तर उशीत भरतात तो फायबर घ्या, कारण ती बाहुली धुवावी लागणार. कापूस धुतला की गोळे होतो आणि आतून वाळायला फार वेळ लागतो. आजीच्या बाहुल्यांत चिंध्याच असायच्या, मीही धडाच्या मध्यभागी बारीक चिंध्या घालते, पण कडेला नाही, कारण त्यांचे उंचवटे वरून दिसतात.

डोक्यापासून सुरुवात करा. लोक कापसाचे बारीक बारीक पुंजके घालत जातात आणि चेहऱ्यावर गाठी येतात. डोक्यासाठी एकच मोठा, सैल गोळा हातावर करून घ्या, डोक्याच्या मापापेक्षा चांगला मोठा, आणि तो एकसंध आत सारा. मग पुढचा प्रत्येक पुंजका त्या गोळ्याच्या पोटात खुपसा, कापडाला लागू देऊ नका. गोळा आतून फुगत जातो आणि चेहऱ्याची कातडी ताणून गुळगुळीत होते. गाल हवे असतील तर खालच्या बाजूला डावीकडे-उजवीकडे थोडं जास्त सारा.

मग मान. मांजरपाटाची तीन इंच रुंदीची पट्टी घट्ट गुंडाळून सुरळी करा, मानेच्या आत जेमतेम जाईल इतकी जाड, आणि सुटू नये म्हणून तिला चार टाके घाला. ही सुरळी अर्धी डोक्यातल्या कापसात रोवा, अर्धी छातीत राहू द्या. आता तिच्या चहूबाजूंनी कापसाचे बारीक पुंजके विणायच्या सुईने ठासून भरा. डोकं हलवून बघा. हललं की बाजू शोधा आणि तिथे आणखी भरा. काहीजण आइस्क्रीमची काडी घालतात. मुलांच्या बाहुलीत लाकूड घालू नका, मोडलं तर टोक बाहेर येतं. सुरळीने तेच काम होतं आणि दाबल्यावर टोचत नाही.

मान झाल्यावर खांदे, मग छाती, मग खाली. पायांच्या पावलात आणि हातांच्या बोटांत मात्र उलटं, तिथे वाटाण्याएवढे पुंजके एकेक करून टोकापर्यंत ढकलायचे. हात वरच्या अर्ध्या इंचात रिकामे सोडा, म्हणजे खांद्याशी लोंबते राहतात. पाय भरून धडाच्या उघड्या बाजूत खोचा, पावलं पुढे आहेत ना ते बघा, आणि धडाची माया आत दुमडून हाताने घट्ट तुरपून टाका. हात आताच लावू नका.

चोळी

हात वेगळे ठेवण्याचं कारण चोळी आहे. शिवलेल्या बाहुलीच्या हातातून खणाची बाही चढवणं हा नसता व्याप होतो. त्यापेक्षा सुट्या हाताभोवतीच खणाचा तुकडा गुंडाळा, काठ दंडावर खाली येऊ द्या, आतल्या बाजूने शिवून टाका. मग बाहीसकट हात खांद्याला दुहेरी दोऱ्याने शिवा. धडाला खणाचा तुकडा पाठीकडून पुढे आणा, काखेखाली आणि खांद्यावर माया दुमडून टाके घाला, पुढे मधोमध दोन्ही टोकं एकत्र आणून खरी गाठ मारा. पुढे गाठ असलेली चोळी दिसली की बाहुली लगेच आपल्याकडची वाटायला लागते.

चेहरा आणि केस

चेहरा केसांच्या आधी काढा. दोऱ्याच्या गाठी डोक्याच्या मागे सोडायच्या, त्या नंतर केसांखाली झाकल्या जातात.

डोळे कपाळाकडे चढवायची सवय सगळ्यांना असते. डोळ्यांची ओळ डोक्याच्या बरोबर मधोमध, किंबहुना किंचित खालीच येऊ द्या. आधी दोन काळ्या डोक्याच्या टाचण्या टोचा, बाहुली समोर ठेवून लांबून बघा. जवळ आणा, लांब न्या, खाली आणा. पाव इंच इकडेतिकडे झालं की वय बदलतं. डोळे खाली आणि एकमेकांपासून लांब ठेवले तर मूल दिसतं, वर आणि जवळ घेतले तर बाई मोठी दिसते. मनासारखं झालं की पेन्सिलने ठिपके द्या आणि टाचण्या काढा.

अँकरच्या लडीत सहा पदर असतात. डोळ्यांना दोन पदर, भुवयांना आणि ओठांना एकच. डोळ्यांचा भरीव टाका काळ्या दोऱ्याने काढून झाल्यावर त्यात पांढऱ्या दोऱ्याचा एकच बारीक टाका द्या, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. त्या एका टाक्याने ती बघायला लागते. नाक काढू नका, नथीसाठी जागा धरा म्हणजे पुरे. ओठ उलट्या टिपेच्या दोन-तीन टाक्यांचे, मरून रंगात, भडक लाल नको. कपाळावर लाल दोऱ्याची चंद्रकोर भरा.

केसांसाठी काळी लोकर. डोकं मागून उघडं दिसू नये म्हणून आधी काळ्या सुती कापडाची टोपी मागच्या बाजूला शिवून घ्या, ही युक्ती केली की अर्ध्या लोकरीत काम होतं. आठ इंच लांबीच्या पुठ्ठ्यावर लोकर चाळीस-पन्नास वेढे घ्या, एका बाजूने कापा, पसरा आणि डोक्यावर आडवी ठेवा. मधोमध काळ्या दोऱ्याने उलटी टीप घालत कपाळापासून मागे जा. हाच भांग. दोन्ही बाजूंचे केस कानांवरून मागे ओढून मानेवर बांधा, उरलेल्यांची वेणी घाला, वेणी गुंडाळून अंबाडा करा आणि सगळीकडून टाचून टाका. अंबाड्याभोवती पांढऱ्या दोऱ्याच्या गाठीच्या टाक्यांची ओळ भरली की गजरा झाला. फेव्हिकॉलने केस चिकटवू नका. लोकर कडक होते आणि त्यावर धूळ बसते ती निघत नाही.

नऊवारी

हिशेब केला तर पाच फुटी बाईची नऊ वार साडी तेरा इंची बाहुलीला सत्तर इंच लागायला हवी. तेवढी घेतलीत तर बाहुली कपड्यांचं गाठोडं दिसेल. कारण बाहुली लहान झाली तरी कापडाची जाडी लहान होत नाही. चाळीस इंच लांब आणि कमरेपासून घोट्यापर्यंत मोजून त्याहून अर्धा इंच जास्त रुंद, एवढी साडी घ्या. वरची कड दुमडू नका, तिची जाडी कमरेला दिसते. नुसती कापून तशीच खोचा.

कमरेला जाड दोरा दोन वेढे घालून घट्ट बांधा, खोचायचं त्यात. साडीचं टोक उजव्या कमरेशी खोचा, पुढून डावीकडे, पाठीमागून पुन्हा उजवीकडे, असा एक वेढा घेऊन पुढे या. आता पदराकडचं टोक डावीकडून पाठीवरून उजव्या काखेखाली, तिथून छातीवरून डाव्या खांद्यावर टाकून बघा आणि मागे कमरेपर्यंत लोंबेल इतकं राखून ठेवा. मधे जे कापड उरलं त्याच्या पाऊण-पाऊण इंचाच्या पाच-सहा निऱ्या घाला. बाहुलीच्या निऱ्या हाताने सुटतात, म्हणून घालून झाल्या की टाचणी लावून वरून हलकी इस्त्री फिरवा, मगच खोचा.

काष्टा घेताना निऱ्यांच्या खालच्या काठाचा मधला भाग चिमटीत धरा आणि त्याच्यासोबत आतल्या वेढ्याचा काठही धरा. आतला वेढा राहिला तर काष्टा पायांमधून मागे जातच नाही, अडतो. दोन्ही थर मिळून पायांमधून मागे न्या, पाठीशी मधोमध खोचा. काठ मागे सरळ उभा दिसला पाहिजे. मग प्रत्येक खोचलेल्या जागी साडीच्याच रंगाच्या दोऱ्याने एकेक लपता टाका घाला. पदर खांद्यावर चोळीला टाचा.

नेसण्याचे प्रकार शिकायचे असतील तर घरातल्या मोठ्या बायकांना नेसताना बघा, त्याहून चांगला वर्ग नाही. दिल्लीला जाणं झालंच तर बहादूरशहा जफर मार्गावरचं शंकर आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालयही बघून या. व्यंगचित्रकार शंकर पिल्लई यांनी ते उभं केलं, १९६५ मध्ये ते सुरू झालं, आणि भारतातल्या निरनिराळ्या प्रांतांच्या वेशातल्या बाहुल्या तिथे काचेआड आहेत.

दागिने

गळ्यात ठुशी आधी घाला. बारीक सोनेरी मणी दोऱ्यात ओवून मानेला घट्ट बसवली की मानेच्या शिवणीवरची बारीक सुरकुतीही झाकली जाते. कोल्हापुरी साजाला खरं तर एकवीस पानं, पण बाहुलीच्या गळ्यात सोनेरी टिकल्यांची पाच-सात पुरतात, जास्त केली तर छाती दिसत नाही. काळ्या मण्यांचं मंगळसूत्र लांब ठेवा. नथीसाठी बारीक सोनेरी तार घ्या, दोन मिलिमीटरचे पाच-सहा मोती आणि मधे एक लाल मणी ओवा, तार नथीच्या आकारात वळवा, आणि डाव्या बाजूला दोऱ्याने टाचा. तारेचं टोक आत वळवून बंद झालंय ना, हे बोट फिरवून बघा. मणी, मोती, टिकल्या पुण्यात तुळशीबागेत आणि बोहरी आळीत, आमच्याकडे महाद्वार रोडला मिळतात.

तीन वर्षांखालच्या मुलासाठी बाहुली असेल तर मणी, मोती, तार यातलं काहीही लावू नका. ठुशी पिवळ्या दोऱ्याच्या गाठीच्या टाक्यांनी भरा, नथ साखळी टाक्याने गालावरच काढा. तशी बाहुली मला तर जास्तच आवडते.

चिमणाळं

खणाचे जे तुकडे उरतील ते फेकू नका. पाळण्यावर टांगायचं चिमणाळं, म्हणजे रिंगेला लोंबणारे कापडी पक्षी, त्यातून होतं. लाकडी रंगीत चिमणाळी बाजारात येतात, पण कापडी हलकं असतं आणि त्याचा आवाज होत नाही.

चार इंच लांबीची कोयरी कागदावर काढा. निमुळतं टोक ही शेपटी, गोल बाजू हे डोकं आणि पोट. दोन थर शिवा, पोटाखाली इंचभर जागा सोडा, उलटवा, भरा, बंद करा. इथे बाहुलीसारखं ठासायचं नाही, हलकंच भरायचं, नाहीतर पक्षी हवेत फिरत नाहीत. शिवताना डोक्याच्या टोकाशी लाल फेल्टचा बारीक त्रिकोण दोन थरांमध्ये धरा, ती चोच. पंखांसाठी दोन इंचांचा चौकोन तिरका दुमडून त्रिकोण करा आणि दोन्ही कुशींना टाचा.

कापडी पक्षी करणारे बहुतेकजण वरची बाजू सजवतात. पण पाळण्यातलं मूल उताणं पडून खालून बघतं. त्याला दिसतं ते पक्ष्याचं पोट. म्हणून पोटालाच दुसऱ्या रंगाचा तुकडा लावा, तिथेच टाके भरा. अगदी तान्ह्या बाळाला फिकट रंग नीट कळत नाहीत, ठळक उठावाचे कळतात. काळ्या खणावर पांढरा, लाल खणावर पिवळा, असे जोड घ्या. बेबी पिंक आणि बेबी ब्लू मोठ्यांसाठी असतात.

टांगायला भरतकामाची आठ इंची लाकडी रिंग घ्या, तिच्यावर जुन्या लुगड्याची उरेब कापलेली पट्टी गुंडाळा. उरेब पट्टी गोलाईवर सुरकुतत नाही. पाच पक्षी समान अंतरावर लावा. दोरा पक्ष्याच्या पाठीत किंचित डोक्याकडे सरकवून टाचला की पक्षी सरळ तरंगतो, मधोमध टाचला तर डोकं खाली घालतो. टाचण्याआधी दोरा चिमटीत धरून तोल बघा. दोरे पक्ष्यांत आणि रिंगेत शिवून टाका, नुसत्या गाठींवर ठेवू नका. मणी नकोत. चिमणाळं मुलाच्या हाताला लागणार नाही एवढं उंच टांगा, आणि मूल हातांवर रेटा देऊन उठायला लागलं, साधारण पाचव्या महिन्यात, की काढून टाका. हेच पक्षी मग रिंगेवरून सोडवून खिडकीवर तोरणासारखे लावता येतात.

सांभाळणं

फायबर भरलेली बाहुली कोमट पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत आडवी वाळवा. चहाचा रंग हळूहळू उतरतो, ते चालायचंच. कापूस भरलेली बाहुली धुवायची नाही, मऊ ब्रशने झटकायची. खणाची चोळी आणि जरीचा काठ असेल तर कपाटात ठेवताना मलमलच्या फडक्यात गुंडाळा आणि वाळलेला कडुलिंबाचा पाला शेजारी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, पावसाळ्यात बुरशी येते.

परदेशातल्या लेकीसुनांसाठी नऊवारीतली बाहुली पार्सलने पाठवायची असेल, तर नथ आणि साज काढून कापसात वेगळे बांधा आणि सोबत सुईदोरा घाला. अंबाड्याभोवती मऊ कागद गुंडाळा, निऱ्यांना पाठवायच्या दिवशीच सैल दोरा बांधा, आणि खोक्यात बाहुली पाठीवर निजवा. उभी ठेवली तर हिंदकळून सगळा भार मानेवर येतो.